लायपोसक्शन करायचंय? आधी हे ऐका

एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते गाळलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्ही निवडलाय. गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये लायपोसक्शनबद्दल मेसेजवर मेसेज येतायत. त्यातली एक व्हॉइस नोट अशी होती: "ताई, माझं वजन ब्याऐंशी आहे, डिसेंबरात लग्न आहे, लायपो केलं तर किती किलो उतरेल?"

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या डोक्याशी बसून मॉनिटरकडे बघणारी ती मी. हे ऑपरेशन मी करत नाही आणि मला ते कुणाला विकायचंही नाही. पण ते चालू असताना आणि संपल्यावर शरीरात काय होतं हे बघणं माझं कामच आहे. त्यामुळे आजचा एपिसोड तुम्हाला क्लिनिकच्या रीलमध्ये दिसणार नाही त्या बाजूने आहे.

आधी त्या व्हॉइस नोटचं उत्तर. किलोमध्ये विचारायचा हा प्रश्नच नाही. लायपोसक्शन म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे, आकार बदलायचं ऑपरेशन आहे. थोडं गणित करू. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. एक लिटर शुद्ध चरबी म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. आता ऑपरेशननंतर बाटलीत तीन लिटर जमा झालेले दिसले, तर ती तीन लिटर चरबी नसते. ऑपरेशनच्या आधी आत सोडलेलं औषधी पाणी त्यातच परत आलेलं असतं. समजा त्यात खरी चरबी दोन लिटर निघाली, तर वजन गेलं एक किलो आठशे ग्रॅम. बस्स. आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहिलात तर वजन वाढलेलंही दिसू शकतं, कारण आतलं उरलेलं पाणी आणि सूज. हे आधी माहीत नसलं की पेशंट तिसऱ्या दिवशी सर्जनला फोन करून म्हणतो, "डॉक्टर, पैसे दिले आणि वजन वाढलं?"

मग ब्याऐंशी किलोच्या त्या मुलाला फायदा होईल का? ते त्याची चरबी कुठे आहे यावर ठरतं. हे नीट समजून घ्या, कारण अर्धे गैरसमज इथेच आहेत.

पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीच्या लगेच खाली. ती चिमटीत पकडता येते. बसल्यावर वळ्या पडतात त्या हिच्या. दुसरी आत, आतड्यांच्या आणि लिव्हरच्या भोवती. ती चिमटीत येत नाही. काही जणांचं पोट पुढे आलेलं असतं पण हात लावला तर टणक, ढोलासारखं. ती आतली चरबी. लायपोसक्शनची नळी फक्त कातडीखाली फिरते. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीपलीकडे ती जात नाही, जाताच कामा नये. गेली तर तो अपघात असतो, आणि त्याबद्दल पुढे बोलणार आहे. म्हणजे टणक ढेरी असलेल्या माणसाला कितीही महागडं मशीन लावा, पोट फारसं आत जाणार नाही.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एकच फोटो घेऊन छोटासा लेख लिहिला. फोटोत दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीचा साठा, ही आपल्या भारतीय शरीराची ठेवण. डायबेटिसचा धोका वाढवणारी चरबी मुख्यतः आतली.

त्याच २००४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला एक अभ्यास झाला. पंधरा लठ्ठ महिला, त्यातल्या काहींना डायबेटिस. त्यांच्या पोटावरून लायपोसक्शनने साधारण नऊ-दहा किलो चरबी काढली. ही फार मोठी मात्रा आहे, नेहमीच्या कॉस्मेटिक ऑपरेशनच्या कितीतरी पट. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनची संवेदनशीलता, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल, कशातही लक्षणीय सुधारणा नाही. एवढी चरबी डाएट करून गेली असती तर हे सगळे आकडे सुधारले असते. म्हणून "शुगरची फॅमिली हिस्टरी आहे, लायपो करून टाकतो" असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा एपिसोड फॉरवर्ड करा.

बरं, मग हे ऑपरेशन कुणासाठी आहे? ज्याचं वजन बऱ्यापैकी आटोक्यात आहे, काही महिने एकाच आकड्यावर स्थिर आहे, आणि तरी एखाद्या ठिकाणची चरबी हटत नाही, त्याच्यासाठी. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेवर, दंडाला, हनुवटीखाली. कातडी ताणून सोडली की परत जागेवर यायला हवी. ती लवचीक नसेल तर आतली चरबी काढल्यावर कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू फाकलेले असतील आणि कातडी सैल असेल तर लायपोसक्शन एकट्याने काम होत नाही, त्यासाठी टमी टक हे वेगळं आणि मोठं ऑपरेशन आहे. स्ट्रेच मार्क जात नाहीत. मांड्यांवरची ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत कातडी, सेल्युलाइट, तीही जात नाही.

आता मुलांचा प्रश्न, कारण अर्धे मेसेज त्यांचेच आहेत आणि बहुतेकांनी "नाव सांगू नका" असं लिहिलंय. छातीचा उभार, म्हणजे गायनेकोमॅस्टिया. वयात येताना खूप मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं. सोळा वर्षांच्या मुलाने घाईने ऑपरेशन करू नये ते म्हणूनच. पण विशीनंतरही राहिलं असेल तर त्यात दोन गोष्टी असू शकतात, चरबी आणि निपलच्या मागची टणक ग्रंथी. चरबी नळीने निघते. ग्रंथी बऱ्याचदा वेगळा छोटा छेद घेऊन कापून काढावी लागते. फक्त लायपो करून ग्रंथी तशीच ठेवली की उभार राहतो. तेव्हा सर्जनला सरळ विचारा, "माझ्यात ग्रंथी आहे का, आणि ती काढणार आहात का?" आणि जिममध्ये कुणी दिलेली इंजेक्शनं घेत असाल तर आधी तेच सांगा. बॉडी बनवायच्या स्टेरॉइडमुळे छाती वाढते हे जिमवाला सांगत नाही. कारण चालूच असेल तर ऑपरेशनचा उपयोग किती दिवस टिकणार?

आता ऑपरेशन होतं कसं ते.

चरबी काढून आकार द्यायची हौस जुनी आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये एका सर्जनने एका नर्तिकेच्या पायावरची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. रक्तवाहिन्यांना इजा झाली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. त्यानंतर बरीच वर्षं कुणी या वाटेला गेलं नाही. सत्तरच्या दशकात इटलीतल्या फिशर बाप-लेकांनी आणि मग फ्रान्सच्या इलूझ यांनी नळी घालून चरबी ओढून घ्यायची पद्धत आणली. इलूझ यांनी नळीचं टोक बोथट ठेवलं, त्यामुळे नसा आणि रक्तवाहिन्या कमी तुटायला लागल्या. तरी रक्त खूप जायचं. खरा फरक पडला तो १९८७ मध्ये, जेव्हा कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत मांडली. आज जगभर जे चालतं ते थोड्याफार फरकाने हेच.

कल्पना साधी आहे. आधी चरबीत भरपूर सलाईन सोडायचं. त्यात लिग्नोकेन, म्हणजे दाताचा डॉक्टर देतो ते बधिर करायचं औषध, आणि ॲड्रेनलिन. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात. पाणी भरून भाग टरटरून फुगतो, टणक होतो. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. मग तीन-चार मिलिमीटरच्या छेदातून नळी घालून ती पुढे-मागे फिरवत चरबी ओढायची. पूर्वीच्या कोरड्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या द्रवात वीस टक्क्यांच्या वर रक्त असायचं. आता ते एक टक्क्याच्या आसपास असतं.

इथे माझ्या कामाची गोष्ट येते. एरवी ॲड्रेनलिनसोबत लिग्नोकेनची सुरक्षित मर्यादा एका किलोला ७ मिलिग्रॅम मानतात. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. ट्युमेसंट पद्धतीत क्लाइन यांनी किलोला ३५ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादा दिली, म्हणजे त्याच माणसाला २१०० मिलिग्रॅम! हे चालतं कारण औषध खूप पातळ केलेलं असतं, आणि चरबीत रक्तपुरवठा कमी असल्याने ते हळूहळू रक्तात उतरतं. पण हळूहळू म्हणजे किती? रक्तातली सर्वात जास्त पातळी साधारण बारा तासांनी येते. सकाळी दहाला ऑपरेशन झालं तर रात्री दहाला. तोपर्यंत तुम्ही घरी, क्लिनिक बंद. म्हणून रात्री जागं असणारं माणूस जवळ हवं, आणि ओठ-जीभ बधिर वाटणं, तोंडात धातूसारखी चव, कानात गुंईं, बरळणं, खूप गुंगी, असं काही दिसलं तर त्याने तुम्हाला सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायला हवं. "सकाळी बघू" चालत नाही.

मशीनबद्दल फार वेळ घालवत नाही. व्हेसर म्हणजे अल्ट्रासाउंडने चरबी सैल करायची, लेझर म्हणजे लेझरने, पॉवर असिस्टेड म्हणजे नळी स्वतः थरथरते. प्रत्येकाचे थोडे फायदे, थोडे तोटे. उष्णता वापरणाऱ्या मशीनमध्ये कातडी भाजण्याचा धोका वेगळा. पोस्टरवर मशीनचं नाव मोठं आणि डॉक्टरचं बारीक असेल तर मला ते आवडत नाही, एवढंच सांगते. नळी माणूस फिरवतो.

ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत रक्ताच्या तपासण्या होतील, कदाचित ईसीजी. तिथे सगळं खरं सांगा. सिगारेट ओढता का, हे विचारतात ते संस्कार तपासायला नाही. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. किमान चार आठवडे आधी बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनी रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. आई शेजारी बसली असेल आणि तिच्यासमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना "दोन मिनिटं एकटीशी बोला" म्हणा, आम्हाला सवय असते. ॲस्पिरिन, आयुर्वेदिक काढे, फॅट बर्नरच्या गोळ्या, प्रोटीनचे डबे, सगळं सांगा. पण कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका.

त्या दिवशी उपाशीपोटी यायचं. किती तास ते सांगतील तेवढे तास. आणि उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही. "फक्त अर्धा कप घेतला" हे वाक्य टेबलावर ऐकलं की माझं ब्लड प्रेशर वाढतं. गुंगीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. मग तुम्हाला उभं करून मार्कर पेनने शरीरावर नकाशा काढतात. आडवं झालं की चरबी पसरते, म्हणून खुणा उभ्यानेच. फोटो काढतात. ते फोटो कुठे वापरले जाणार, इन्स्टाग्रामवर जाणार का, हे संमतीपत्रात वाचा. उपचाराची संमती वेगळी आणि फोटो छापायची वेगळी. दुसरीला बिनदिक्कत नाही म्हणता येतं.

भूल किती लागेल ते भाग किती यावर. हनुवटीखालचं काम जागेपणी, फक्त जागा बधिर करून होतं. पोट, कंबर, मांड्या एकत्र असतील तर पूर्ण भूल किंवा कंबरेतलं इंजेक्शन. गुंगी किंवा पूर्ण भूल देणार असतील तर तिथे स्वतंत्र भूलतज्ज्ञ हवाच. नळी फिरवणारा माणूस एकाच वेळी तुमचा श्वासही सांभाळू शकत नाही.

ऑपरेशन साधारण एक ते तीन तास. आता घरी आल्यानंतरचं, जे रीलमध्ये कधीच नसतं.

पहिले एक-दोन दिवस त्या छोट्या छेदांतून गुलाबी पाणी गळतं. भरपूर. पलंगावर प्लॅस्टिक आणि जुनी चादर टाकून ठेवा, नाहीतर गादी गेली. ते पाणी बघून घरातले घाबरतात, पण गुलाबी पातळ पाणी येणं अपेक्षित आहे. लाल घट्ट रक्त येत राहिलं तर ते अपेक्षित नाही, फोन करा. दुखणं कसं असतं? पेशंट सांगतात की जिममध्ये पहिल्याच दिवशी अति केल्यावर जसं अंग मोडून येतं, तसं, पण त्यावर मुका मार. उठताना-बसताना कळ येते. काळे-निळे डाग पडतात आणि पोटावर केलं असेल तर ते खाली उतरत मांड्यांपर्यंत, कधी जननेंद्रियांपर्यंत जातात. मुलं याला प्रचंड घाबरतात आणि कुणाला विचारतही नाहीत. रक्त आणि पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं.

प्रेशर गारमेंट, म्हणजे तो घट्ट सूट, साधारण चार ते सहा आठवडे. सुरुवातीला दिवसरात्र. आपल्या मे महिन्यात, लाइट गेलेली, आणि अंगात तो सूट, याची कल्पना करून तारीख ठरवा. दोन सूट घ्या, एक धुवायला. पहिल्यांदा तो काढताना चक्कर येऊ शकते, म्हणून आंघोळीला कुणीतरी बाहेर उभं असू द्या. आणि कितीही थकवा असला तरी त्याच संध्याकाळी उठून खोलीत चालायचं. पाय हलले नाहीत तर पोटरीत गुठळी होते.

ऑफिसचं बसून काम असेल तर काही दिवसांत ते आठवड्याभरात जमतं. रोज लोकलने किंवा दुचाकीवर असाल तर त्याहून जास्त सुट्टी धरा. व्यायाम तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर म्हणतील तेव्हा. काही भाग आठवडे किंवा महिने बधिर राहतो. हात लावला तर दुसऱ्याच्या पोटाला लावल्यासारखं वाटतं. आत गाठी लागतात, त्या हळूहळू मऊ होतात.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. पहिल्या महिन्यात तुम्ही आधीपेक्षा वाईट दिसू शकता. सुजलेलं, डागाळलेलं, उंचसखल. आकार दिसायला लागतो सहाएक आठवड्यांनी, आणि खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी. तेव्हा डिसेंबरच्या लग्नासाठी नोव्हेंबरात ऑपरेशन म्हणजे सुजलेल्या पोटावर शेरवानी. याच दिवसांत मनही खचतं. पैसे गेले, दुखतंय, फरक नाही, आणि कुणाला सांगितलेलं नाही. असं वाटणं बऱ्याच जणांना होतं. पण दोन आठवडे झाले आणि रडू थांबत नाही, झोप नाही, तर डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशनच्या आधीही एक प्रश्न स्वतःला विचारा. आरशासमोर दिवसातून किती वेळ जातो? एखाद्या भागाचा विचार तासन्‌तास डोक्यातून जात नसेल, त्यापायी मित्रांना भेटणं बंद केलं असेल, आणि बाकीच्यांना तो दोष दिसतच नसेल, तर तो आजार पोटाचा नसून मनाचा असू शकतो. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात त्याला. त्यावर उपचार आहेत, पण नळीने तो निघत नाही. ऑपरेशननंतर दुसरा भाग खटकायला लागतो.

धोके. घाबरवायचं नाहीये, पण लपवायचंही नाहीये. २००० साली अमेरिकेत प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीतून एक आकडा आला होता. १९९४ ते १९९८ या काळात एक लाख लायपोसक्शनमागे साधारण १९ मृत्यू, म्हणजे पाच हजारांत एक. त्यानंतर पद्धती सुधारल्या आणि नंतरच्या अभ्यासांत आकडे बरेच कमी आले. पण त्या पाहणीत मृत्यूचं सर्वात मोठं कारण होतं पायातली गुठळी फुप्फुसात जाणं, आणि ते कारण आजही आहे. शिवाय चरबीचे कण रक्तात जाणं, नळीने आतडं फाटणं, पाणी जास्त झाल्याने फुप्फुसात पाणी भरणं, गंभीर इन्फेक्शन.

म्हणून ही लक्षणं आत्ताच ऐकून ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं. पोटदुखी दर तासाला वाढत जाणं, उलट्या. ताप, आणि कातडीवर काळे चट्टे किंवा दिसतंय त्यामानाने भयंकर दुखणं. यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी. आणि तिथे गेल्यावर लाजून "पोट दुखतंय" एवढंच सांगू नका. "परवा लायपोसक्शन झालंय" हे पहिलं वाक्य असायला हवं. ते लपवलं तर डॉक्टर ॲपेंडिक्स शोधत बसतील.

मे २०२२ मध्ये बंगळूरूत कन्नड मालिकांतली अभिनेत्री चेतना राज चरबी काढायच्या ऑपरेशननंतर गेली. वय २१. आई-वडिलांना तिने आधी सांगितलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. मी तुम्हाला परवानगी घ्या म्हणत नाही. अठरा पूर्ण असतील तर सही तुमची. पण तुमच्या औषधांची, ॲलर्जीची, आधीच्या आजारांची माहिती असलेलं एक माणूस त्या दिवशी बाहेर बसलेलं असू द्या. भाऊ, मावशी, रूममेट, कुणीही.

कुणाकडे करायचं? आपल्याकडे प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. "कॉस्मेटोलॉजिस्ट" या शब्दाने ऑपरेशनचं प्रशिक्षण सिद्ध होत नाही. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल स्पष्टच सांगितलं की वर्कशॉपला हजेरी लावून किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही. असं लिहून सांगावं लागलं, यातच काय ते समजा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. मग विचारा: ऑपरेशन कुठे होणार? तिथे ऑक्सिजन, मॉनिटर आहे का? काही बिघडलं तर कुठल्या आयसीयूत नेणार? किती लिटर काढणार? एका बैठकीत पाच लिटरपेक्षा जास्त द्रव निघणार असेल तर ते मोठं लायपोसक्शन धरतात. ते हॉस्पिटलमध्येच व्हावं आणि रात्रभर देखरेखीखाली राहावं, असं अमेरिकन प्लास्टिक सर्जनांची संघटनाही सांगते. "एकदम सगळंच करून टाकू, ऑफर आहे" म्हणणाऱ्याकडून उठून या. या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर असेल तरी उठून या.

पैशाचं थोडक्यात. मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक ऑपरेशन बसत नाही, आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. कोटेशनमध्ये भूलतज्ज्ञाची फी, ओटी, गारमेंट, नंतरच्या भेटी, आणि उंचसखल राहिलं तर दुरुस्तीचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या. ईएमआयवर करणाऱ्यांनी एवढं बघा की सुट्टी बिनपगारी झाली तर हप्ता जाईल का.

शेवटचा प्रश्न खूप जणांनी विचारलाय: चरबी परत येते का? काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण राहिलेल्या पेशी फुगू शकतात. अमेरिकेत कोलोराडोमध्ये २०११ च्या एका अभ्यासात मांड्या आणि पोटाखालून चरबी काढलेल्या महिलांना वर्षभर तपासलं. वर्षाअखेरी शरीरातली एकूण चरबी जवळपास पूर्वीइतकी झाली होती. मांड्या बारीकच राहिल्या, पण भर पडली पोटावर. म्हणजे खाणं-पिणं-चालणं तेच राहिलं तर शरीर साठा दुसरीकडे हलवतं. ज्यांनी नंतर वजन सांभाळलं, त्यांचा आकार वर्षानुवर्षं टिकलेला मी पाहिलाय. त्या पेशंट पहिल्यापासून म्हणत होत्या, "मला बारीक नाही व्हायचं, ही सलवार मांडीला अडकते तेवढी बसू दे."

आता ब्याऐंशी किलोवाल्या दादाला थेट सांगते. उंची कळवली नाहीस. पोट चिमटीत येतं का टणक आहे ते बघ, कंबर नाभीपाशी टेपने मोज, शुगर आणि लिपिड तपासून घे, आणि तो रिपोर्ट घेऊन आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. टणक असेल तर सर्जनकडे तुझं काम नाही. चिमटीत येत असेल तर लग्नानंतर निवांत भेट त्यांना, डिसेंबर विसर.

पुढच्या वेळी चरबी गोठवायच्या मशीनबद्दल, ते ऑपरेशन नाही, वेगळंच प्रकरण आहे. प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवा, एका मिनिटाच्या आत. भेटू.